गुलाबपाण्याची बाटली

सिलिंडरची दाढी केलेला माणूस वसईत मी एकटाच असेन. फेस छान दाट काढला होता. ब्रश दादाचा, साबण दादाचा, आणि ज्याच्या गळ्याला मी तो फेस फासत होतो तो दोन किलोचा सिलिंडरही दादाचाच. दादा समोर खुर्चीत बसून बघत होता. सिलिंडरच्या गळ्यापाशी फेसाला एक फुगा आला, मोठा झाला, फुटला. पुन्हा आला.

"सापडली!" मी ओरडलो. "दादा, गळती सापडली! इथूनच जातोय गॅस!"

"बरं," दादा म्हणाला.

हे "बरं" लक्षात असू द्या. त्या दिवसांत त्याच्याकडे तेवढा एकच शब्द उरला होता.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. लग्न केलं नाही. कोणी विचारलं की म्हणायचा, "टेलिफोन खात्यात जन्मभर लोकांच्या तक्रारी ऐकल्या, आता घरीही ऐकू?" निवृत्त झाल्यावर तो आमच्याकडे राहायला आला आणि आल्या आल्या हॉलच्या भिंतीला चार फुटी फिशटँक लावून बसला. त्याच भिंतीवर, हातभर अंतरावर, माझ्या बायकोचं देवघर. दोघांच्या मध्ये एक फळी, तिच्यावर दोघांचंही सामान. उदबत्तीच्या पुड्याला माशांच्या खाण्याचा डबा टेकलेला. दादा देव मानत नव्हता. भांडण नाही, वाद नाही, पण देवघरासमोरून जाताना मान वळवायचा नाही. बायको मात्र टँकसमोरून जाताना पदर सावरायची, आत कोणी पाहुणे बसले असावेत तशी.

पाहुणे होते अठरा. निऑन नावाचे बोटाच्या पेराएवढे मासे, अंगावर निळी-लाल रेघ, सगळे कायम एका घोळक्यात. तळमजल्यावरच्या मावशी मूळच्या सांडोरच्या, केळीच्या बागेत वाढलेल्या. पहिल्यांदा टँक बघून त्या म्हणाल्या होत्या, "एवढे बारीक मासे आम्ही सुकवत पन नाय रे." दादा त्यांना म्हणाला, "मावशी, मासे शोभेला आहेत. खरी मजा झाडांची." आणि खरंच, आत जंगल होतं. हिरवी, तांबूस, केसासारखी, पिंपळपानासारखी झाडं, सगळी पाण्याखाली.

आता थोडं शास्त्र सांगतो, दोनच मिनिटं, जांभई देऊ नका. पाण्यात बुडालेल्या झाडांना कार्बन डायऑक्साइड पुरत नाही, म्हणून सिलिंडरमधून तो नळीने सोडायचा. बुडबुडा, बुडबुडा, सेकंदाला दोन. कमी पडला तर झाडं सडतात. जास्त झाला तर मासे गुदमरतात. आणि हे कळावं म्हणून पाण्यात एक काचेची पोकळ कुपी टांगलेली असते, तिला म्हणतात ड्रॉप चेकर. तिच्यात थोडं पाणी आणि रंगाचे दोन-तीन थेंब. गॅस कमी असेल तर ती निळी राहते, बरोबर असेल तर हिरवी होते, जास्त असेल तर पिवळी. झालं शास्त्र. लहान मुलालाही जमेल असं. मला जमलं नाही.

दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. तरुणपणी आम्ही माणिकपूरला राहायचो तेव्हा गणपतीत नाटक बसवायचो. नायक मी. प्रॉम्प्टर दादा. आरतीला तो कधी उभा राहिला नाही, पण आरती संपून पडदा वर गेला की विंगेत हजर. माझं पाठांतर म्हणजे आनंद होता. अडलो की विंगेतून शब्द यायचा, माझ्या कानात पडेल इतका मोठा आणि पहिल्या रांगेला ऐकू जाणार नाही इतका हळू. पण मला एक खोड होती. दिलेलं वाक्य उचलण्यापेक्षा स्वतःचं घालायला मला जास्त आवडायचं. एकदा दुसऱ्या अंकात मेलेल्या सासऱ्यांना मी तिसऱ्या अंकात चहा विचारला. लोक टाळ्या वाजवत होते आणि आत दादा वही आपटत होता. नाटक संपल्यावर तो एकच वाक्य बोलायचा, दर वर्षी तेच. "वाक्य दिलं होतं. तू ऐकलं नाहीस."

तर गेल्या वर्षी उन्हाळा सुरू होताना, एका सकाळी टँकची काच पुसता पुसता दादा स्टुलावर बसला, आणि बसला तो उजवीकडे कलतच गेला. स्टूल पडल्याचा आवाज ऐकून तळमजल्यावरच्या मावशी धापा टाकत वर आल्या. बायको बाजारात गेलेली. मी दादाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेलो, ॲम्ब्युलन्सला फोन करून झालेला, आता काय करायचं ते कळत नव्हतं.

"अरे, बघत काय बसला? तोंडात पानी घाल त्याच्या!" मावशी म्हणाल्या. "तुमचं गंगेचं पानी हाय ना घरात? नायतर मी आमचं आनते, चर्चमधलं!"

गंगेचं पाणी होतं. सासूबाईंनी काशीहून आणलेलं, कुठल्याशा लहान बाटलीत. मी उठलो, देवघराकडे धावलो. मधल्या फळीवर गुलाबपाण्याची एक जुनी बाटली उभी होती, पांढऱ्या झाकणाची, आत पाणी निवळशंख. घेतली, झाकण उघडलं आणि दोन चमचे दादाच्या तोंडात घातले. त्याला ठसका लागला. डोळे उघडून त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या बाटलीकडे. ती नजर मी पुढे कित्येकांना करून दाखवली. दादा वाचला ना! बिल्डिंगमध्ये, भाजीवाल्याकडे, रिक्षाच्या रांगेत मी हा प्रवेश इतका रंगवून सांगितला की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. "जन्मभर देव न मानणारा माणूस, आणि गंगाजळाचा पहिला थेंब पोटात जाताच डोळे उघडले!"

एक भाग मी सगळीकडे गाळत असे. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं होतं, "तोंडातून काही दिलंत का?" मी सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. अशा पेशंटला गिळता येत नाही, पाणी छातीत उतरतं, हे त्यांनी फार शांतपणे सांगितलं. त्या पाण्याने दादाला न्यूमोनिया झाला आणि हॉस्पिटलमधले दिवस वाढले. हे घरी फक्त मला माहीत होतं. बायकोला मी गंगाजळाची गोष्ट दिली, न्यूमोनियाची दिली नाही. सासूबाईंचं पाणी मीच कधीतरी या बाटलीत ओतलं असेल असं समजून तिने ती देवघरात ठेवली, अगदी मधोमध. रोज हळदकुंकू. झाकणावर हळदीचा थर चढला.

दादा घरी आला तो उजवं अंग गेलेला आणि एक शब्द उरलेला. चहा हवा? बरं. नको? बरं. पंखा लावू? बरं. बंद करू? बरं. बोलण्याचे व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या, तरुण आणि कामाच्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सगळं कळतं त्यांना. शब्द आत अडकलेत. त्यांना ज्यात गोडी आहे त्याचंच बोलत राहा. गोडी टिकली तर एखादा शब्द सुटेल. तीच गेली तर मग आपल्या हातात फार काही राहत नाही."

गोडी कशात, हे सांगायला नको होतं. खुर्ची टँकसमोर ठेवली की तो दिवसभर हलायचा नाही. आणि टँक तर सडत होता. हॉस्पिटलच्या दिवसांत सिलिंडर रिकामा झालेला, झाडांची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन गळत होती, कडेने शेवाळ चढत होतं. ते जंगल परत उभं केलं तर दादा बोलेल. मी ठरवून टाकलं. माझ्या आयुष्यातली एकमेव गंभीर भूमिका, आणि संवाद फक्त प्रॉम्प्टरला पाठ.

इथे थांबून सांगून टाकतो. गोष्टीचा शेवट गोड व्हावा अशी अपेक्षा असेल तर आत्ताच उठा आणि चहा टाका.

सिलिंडर भरायला वसई पूर्वेला गेलो. आग विझवायची लाल नळकांडी भरून देणारा एक जण तिथे होता. त्याने सिलिंडर उलटासुलटा करून पाहिला.

"कंपनी कौनसी?"

"कंपनी नाही. घरी पाहिजे."

"घरात काय जळतं एवढं?"

"झाडं आहेत. पाण्यात."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाण्यातल्या झाडांना आग लागते?" म्हणाला, आणि भरून दिला.

घरी येऊन जोडला आणि दोन दिवसांत दाबाचा काटा खाली. मग ती दाढी झाली. गळ्यातला वॉशर चिरला होता. नवा घातला, गळती थांबली, बुडबुडे सुरू झाले. प्रत्येक पायरीला मी दादाला विचारायचो, आणि तो प्रत्येक पायरीला बरं म्हणायचा. पण बरं-बरंतही फरक असतो, हे मला हळूहळू कळत होतं. वॉशर बसला तेव्हाचं बरं गोल होतं. मी नळी उलटी लावली तेव्हाचं बरं असं आपटलं की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"भाऊजी रागावले," ती म्हणाली.

"बोलले!" मी म्हणालो. आम्ही दोघांनीही त्या दिवशी शिरा खाल्ला.

उरला तो ड्रॉप चेकर. त्यातलं पाणी आटून तळाशी निळा डाग राहिला होता. मी तो धुतला, टँकमधलंच चार चमचे पाणी त्यात घातलं, दादाच्या लहान कुपीतून रंगाचे तीन थेंब सोडले आणि काचेला लावणार, एवढ्यात दादाचा डावा हात वर आला. बोट ताठ.

"बरं!" तो म्हणाला. "बरं! बरं! बरं!"

बोट टँककडे नव्हतं. बोट देवघराकडे होतं.

मी बायकोला हाक मारली. ती आली, बघितलं, आणि जागच्या जागी तिचे डोळे भरून आले. "अहो," ती म्हणाली, "भाऊजींना देव आठवला."

आता खरं सांगतो. माझ्या मनात त्या क्षणी एक बारीक कुजबूज झाली होती. हा माणूस हात जोडणाऱ्यातला नव्हे. याला काहीतरी वेगळं म्हणायचंय. पण प्रवेश काय होता! नास्तिक भाऊ, लुळा हात, समोर समई, डोळ्यांत पाणी आलेली भावजय. मला तो प्रवेश आवडला. मी दादाची खुर्ची उचलून टँकसमोरून फिरवली आणि देवघरासमोर ठेवली. बायकोने घंटा वाजवली. दादा खुर्चीच्या हातावर तळहात आपटू लागला, जोरजोरात.

"ताल धरतायत बघा," बायको म्हणाली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला आमच्या घरी आरती. मावशी कॅथलिक, पण त्याही कौतुकाने जिना चढून यायच्या आणि दारात उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या. "बघ, देवानं वळवला नाय त्याला?" म्हणायच्या. दादा बोट रोखायचा, तळहात आपटायचा, बरं बरं करायचा. आम्ही आवाज चढवायचो.

ड्रॉप चेकर निळाच होता.

माणिकपूरला दादाचा एक दुकानदार होता, मासे, काचा, झाडं विकणारा. दादा निवृत्तीनंतर अर्धा दिवस त्याच्याकडेच काढायचा. मी मोबाइलमध्ये फोटो काढून त्याला नेऊन दाखवला.

"काका, निळा आहे म्हणजे गॅस कमी पडतोय," तो म्हणाला. "सुई थोडी उघडा."

सुई म्हणजे गॅस सोडायचा बारीक वॉल्व्ह. मी उघडली. सेकंदाला दोनचे तीन बुडबुडे झाले. निळा. चार केले. निळा. रोज सकाळी मी गॅस चालू करायचो आणि दुपारपर्यंत तासातासाला वाकून बघायचो. निळा, निळा, आकाशासारखा निळा, भगवान शंकराच्या गळ्यासारखा निळा. बुडबुडे आता मोजता येत नव्हते, सोड्याची बाटली फोडल्यासारखी नुसती धार लागली होती.

एका दुपारी बायको म्हणाली, "अहो, हे मासे वर का आलेत सगळे?"

अठराच्या अठरा पृष्ठभागाला तोंड लावून होते, पाणी पीत असल्यासारखे. मला वाटलं भूक लागली असेल. खाणं टाकलं. संध्याकाळपर्यंत तीन जण उताणे झाले. मी पुन्हा माणिकपूर गाठलं.

"रंग?" दुकानदाराने विचारलं.

"निळा."

"मग गॅसने नाही मेले. निळा असताना गुदमरणार कसे? रोग असेल." त्याने औषध दिलं. मी औषध घातलं, आणि गॅस आणखी अर्धा फेरा उघडला, कारण चेकर निळा होता आणि झाडं मरत होती आणि झाडं मेली तर दादा बोलणार नव्हता. हे सगळं किती तर्काला धरून होतं ते बघा. एक पायरी चुकलेली नाही.

मासे रोज मरत होते. दोन, एक, चार. मी ते दादाला दिसू नयेत म्हणून सकाळी गाळणीने काढायचो. पण आता त्याची खुर्ची देवघरासमोर होती, त्याला तसंही फक्त कडेने दिसत असणार. मावशींनी एकदा गाळणीत डोकावून पाहिलं. "एवढासा मासा, आनि तू डोले पुसतो? आमच्या पाचूबंदरच्या मासेवाल्या व्याहनीला सांगितलं तर लोळून हसेल." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी कमरेवरचा हात काढून माझ्या खांद्यावर ठेवला.

व्यायामाच्या बाई एकदा म्हणाल्या, "हल्ली बरं पण कमी म्हणतात का?" मी म्हणालो, नाही, संध्याकाळी आरतीला पुष्कळ म्हणतो. पण त्या गेल्यावर मी लक्ष ठेवलं. बोट वर येत नव्हतं. ते नक्की कधी थांबलं, त्या आठवड्यात की आधीच्या, आम्हा दोघांनाही सांगता येईना. आपण रोज ज्याला टाळ्या वाजवतो ते बंद पडलं तरी आपल्या टाळ्या चालूच राहतात.

एक निऑन उरला तेव्हा मी तिसऱ्यांदा दुकानात गेलो. या वेळी फोटो दाखवला नाही. ड्रॉप चेकरच टँकमधून उपसून, प्लास्टिकच्या डब्यात उभा करून नेला.

दुकानदाराने तो प्रकाशाकडे धरला. बराच वेळ बघत राहिला. मग त्याने विचारलं, जे इतक्या दिवसांत मला कोणीही विचारलं नव्हतं. "काका, यात पाणी कुठलं घातलंय?"

"टँकमधलं."

"टँकमध्ये कुठलं?"

"बिल्डिंगचं. एक दिवस नळाचं, एक दिवस टँकरचं."

"टँकरच्या पाण्यात तुमच्याकडे डाळ शिजते?"

"छे. बायको नळाचं पाणी कळशीत वेगळं भरून ठेवते डाळीला."

त्याने चेकर टेबलावर ठेवला. "मग झालं तर. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्यात हा रंग पण हलत नाही. कितीही गॅस सोडा, निळाच दिसणार. खाली मासे गुदमरून मरतील, तरी हा निळाच. यात मोजून बनवलेलं पाणी घालायचं असतं. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, त्यात तोलून खाण्याचा सोडा. मी तुम्हाला विचारलं नाही, कारण तुमच्या दादांचा हात त्यात एकदम पक्का. आम्हाला पण तेच बनवून द्यायचे." तो मागे वळला, फळीवरून काहीतरी काढून त्याने माझ्यासमोर ठेवलं. "ही बघा. असलीच एक घरी असेल त्यांच्याकडे."

गुलाबपाण्याची बाटली. पांढऱ्या झाकणाची. आत पाणी निवळशंख.

मी माणिकपूरहून घरापर्यंत चालत आलो. रिक्षा केली असती तर लवकर पोचलो असतो, म्हणून केली नाही.

दुपार होती. बायको गहू निवडत होती. दादा देवघरासमोर खुर्चीत. मी चपला न काढता देवघरापाशी गेलो आणि ती हळद चढलेली बाटली उचलली.

"अहो! पारोशा हातांनी!"

"हे गंगाजळ नाही," मी म्हणालो.

"काय बोलताय?"

"हे दादाचं पाणी आहे. टँकचं. यात खाण्याचा सोडा आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. मग ताट बाजूला सारून उठली, आतल्या खोलीत गेली. माळ्यावरून कंदिलाचा खोका काढल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात सासूबाईंची काशीची कुपी होती. पितळेची. मेणाने बंद केलेली. कुणीही न उघडलेली.

"म्हणजे भाऊजींना त्या दिवशी आपण..."

"मी," मी म्हणालो. "आपण नाही. मी सोडा पाजला." आणि मग उरलेलंही सांगितलं, न्यूमोनियाचं. कुठेही न रंगवता. मला तसं सांगता येतं हे मलाही माहीत नव्हतं.

तिला आधी हसू आलं. खरंच आलं, मीही हसलो, कारण मला अख्खी बिल्डिंग दारात टाळ्या वाजवताना दिसत होती. मग ती खाली बसली, गव्हाच्या ताटाजवळ, आणि म्हणाली, "ते बाटली दाखवत होते हो. दोन महिने रोज दाखवत होते. आणि आपण त्यांच्यापुढे घंटा वाजवत होतो."

दादाचा चेहरा आमच्याकडे नव्हता.

मी बाटलीचं झाकण धुतलं. चेकर धुतला, बाटलीतलं पाणी घातलं, तीन थेंब रंग सोडला आणि टँकमध्ये लावला. दोन तासांत तो पिवळा झाला. हळदीसारखा पिवळा, आरडाओरडा केल्यासारखा पिवळा. इतके दिवस खरं हे होतं. मी गॅस बंद केला, हवेचा पंप लावला, दुसऱ्या दिवशी सुई जवळजवळ मिटून, सेकंदाला दोनच बुडबुडे ठेवून पुन्हा सुरू केला. आणि दुपारी चारच्या सुमाराला तो हिरवा झाला. पोपटी नाही, गडद नाही. केळीच्या कोवळ्या पानासारखा. दादाचा हिरवा.

झाडं नव्हती. काळ्या शेवाळाने धरलेले देठ होते. तो एकटा निऑन मागच्या कोपऱ्यात नळीला चिकटून होता. घोळक्यातला मासा, त्याला एकट्याने पुढे यायचं कसं ते माहीतच नसतं.

मी दादाची खुर्ची उचलून फिरवली आणि टँकसमोर, तिच्या जुन्या जागी ठेवली. फरशीवर तिच्या पायांचे डाग अजून होते, त्यावर बरोबर बसवली. त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसून ती बाटली त्याच्या डोळ्यांपुढे धरली.

"ही ना? दादा, हीच दाखवत होतास ना? घातली बघ. हिरवा झाला. बघ ना."

तो माझ्याकडे बघत होता. मी वाट पाहिली. गोल बरं चाललं असतं, आपटलेलं चाललं असतं. त्याने ओठ थोडे उघडले, मिटले, आणि मान हळूच वळवून देवघराकडे बघितलं. जिथे बाटली होती त्या रिकाम्या जागेकडे, की समईकडे, ते मला सांगता येणार नाही.

"दमले असतील," बायको म्हणाली.

संध्याकाळी तिने घंटा काढली नाही. लाजेनेच. मावशी सातला वर आल्या, दारातून आमची तोंडं बघितली आणि चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. टँकचा दिवा लागलेला, चेकर हिरवा, बुडबुडे सेकंदाला दोन.

आणि सात वाजता दादाचा डावा तळहात उचलला गेला आणि खुर्चीच्या हातावर पडला. हलकेच. एकदा. थांबून पुन्हा एकदा.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "काय हवंय त्यांना? दिवा लावू का? की टँक? अहो, सांगा ना, तुम्हाला कळतं त्यांचं."

माझ्या तोंडावर चार उत्तरं आली. चारही सुंदर होती. कुठलंही दिलं असतं तर मावशींनी टाळ्या वाजवल्या असत्या.

तळहात पुन्हा पडला. मी दादाच्या तोंडाजवळ कान नेला आणि तसाच वाकून उभा राहिलो, एकही शब्द पदरचा न घालता.